जुन्या इमारतींच्या खिडक्यांना व्हॅक्यूम काच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांचं घर घेतलं की पहिल्याच हिवाळ्यात खिडक्या त्रास द्यायला लागतात. सकाळी काचेवरून पाणी ओघळतं, खिडकीखालचं लाकूड भिजतं, आणि हीटर चालू असूनही खिडकीजवळ बसवत नाही. मग कुणीतरी प्लास्टिकच्या नव्या खिडक्या बसवायचा सल्ला देतं. जुनं लाकूड न काढता काच बदलण्याचा मार्ग आता उपलब्ध आहे. तो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, ते पुढे दिलं आहे. उत्तरं मुख्यतः वर-खाली सरकणाऱ्या व्हिक्टोरियन आणि जॉर्जियन सॅश खिडक्यांबद्दल आहेत.

व्हॅक्यूम काच म्हणजे नेमकं काय?

थर्मास जसा असतो तशीच, पण सपाट. थर्मासच्या मुळाशी असलेली निर्वात बाटली जेम्स ड्यूअर यांनी लंडनमध्ये 1892 साली बनवली. तेच तत्त्व दोन काचांमध्ये वापरायचं. दोन काचा एकमेकींपासून साधारण 0.2 मिमी अंतरावर ठेवतात, कडा वितळवलेल्या काचेच्या भुकटीने किंवा धातूने सांधतात आणि मधली हवा जवळजवळ सगळी काढून घेतात. आत उरलेला दाब बाहेरच्या हवेच्या दहा लाखांश किंवा त्याहूनही कमी असतो.

हवा काढली की बाहेरचं वातावरण दोन्ही काचांना आत दाबतं. हा दाब चौरस मीटरला सुमारे 10 टन असतो. काचा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधे बारीक खांब पेरलेले असतात. एका प्रचलित रचनेत ते अर्धा मिमी व्यासाचे आणि 20 मिमी अंतरावर असतात, म्हणजे चौरस मीटरला 2500 खांब. प्रत्येकावर सुमारे चार किलो भार येतो.

पोकळीमुळे हवेतून होणारं उष्णतेचं वहन थांबतं, पण किरणांच्या रूपाने जाणारी उष्णता थांबत नाही. त्यासाठी आतल्या एका पृष्ठभागावर अतिशय पातळ, पारदर्शक लो-ई थर, म्हणजे उष्णतेचे किरण परतवणारा थर, असतो. काचेतून हळूहळू सुटणारे वायू शोषून घ्यायला बहुतेक उत्पादक आत ‘गेटर’ नावाचा पदार्थही ठेवतात.

कल्पना जुनी आहे. जर्मनीत तिचं पेटंट 1913 चं आहे. प्रत्यक्ष टिकाऊ नमुना मात्र 1989 मध्ये सिडनी विद्यापीठात तयार झाला, आणि 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या निप्पॉन शीट ग्लासने तो बाजारात आणला. आज जपानशिवाय बेल्जियम आणि चीनमध्येही ही काच बनते.

साधी दुहेरी काच का नाही बसवायची?

कारण ती जुन्या चौकटीत मावत नाही. नेहमीची दुहेरी काच 24 ते 28 मिमी जाड असते. तिच्यातल्या आर्गॉन वायूच्या थराला नीट काम करायला साधारण 16 मिमी जागा लागते. व्हॅक्यूममध्ये पोकळीची जाडी जवळजवळ गौण असते. हवाच नाही, तर ती 0.2 मिमी असो की 2 मिमी, फारसा फरक पडत नाही. म्हणून 3 मिमीच्या दोन काचा आणि मधली पोकळी मिळून जाडी 6.2 ते 6.5 मिमीच भरते. टफन केलेली (तापवून झटकन गार करून मजबूत केलेली), 4 मिमीच्या दोन काचांची व्हॅक्यूम काच 8 मिमीच्या थोडी पुढे जाते.

‘स्लिम’ दुहेरी काच 11 ते 14 मिमीत मिळते आणि स्वस्त असते. पण तिच्यातली पोकळी अरुंद असल्याने उष्णता अडवण्यात ती बरीच मागे पडते. शिवाय तिची कड रबरासारख्या सीलंटने बंद केलेली असते. त्यावर जवसाच्या तेलाची पुट्टी लागली की सीलंट मऊ पडतं, वायू निसटतो आणि काही वर्षांत दोन काचांच्या मधे धुकं धरतं. स्लिम काचा खराब होण्याचं एक नेहमीचं कारण हेच.

फरक किती पडतो? आकड्यांत सांगा.

यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एक अंश फरक असताना एक चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता बाहेर जाते ते. आकडा जितका कमी तितकं चांगलं. एकेरी काच: 5.8 च्या जवळपास. स्लिम दुहेरी: 2 च्या आसपास. चांगली आर्गॉन भरलेली दुहेरी: 1.2. व्हॅक्यूम: उत्पादनानुसार 1.1 पासून 0.7 पर्यंत, काही टफन प्रकारांत त्याहूनही कमी.

अंगाला जाणवतो तो फरक काचेच्या आतल्या पृष्ठभागाचा. खोलीत 20 अंश आणि बाहेर शून्य असेल तर एकेरी काच आतून सुमारे 5 अंशांवर असते. यू-व्हॅल्यू 1.1 असलेली व्हॅक्यूम काच 17 अंशांवर. आता ओल पाहा. 20 अंशांच्या खोलीत आर्द्रता 60 टक्के असेल तर 12 अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. म्हणून एकेरी काच रोज सकाळी भिजते आणि व्हॅक्यूम काचेचा मधला भाग कोरडा राहतो. खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्यावर पाठीला लागणारा गारवाही यामुळेच जातो. थर्मोस्टॅट एखादा अंश खाली आणायची सोय होते ती इथे.

बिलात किती वाचेल?

स्वतःच हिशेब करा. समजा घरात 10 चौरस मीटर काच आहे. यू-व्हॅल्यू 5.8 वरून 1.1 वर आली, म्हणजे 4.7 चा फरक. दहाने गुणलं की अंशामागे 47 वॅट. हीटिंगचे 200 दिवस आणि आत-बाहेर सरासरी 10 अंश फरक धरला तर 47 × 10 × 24 × 200, म्हणजे वर्षाला सुमारे 2250 युनिट उष्णता. गॅस बॉयलरची कार्यक्षमता 90 टक्के धरली तर गॅसचे 2500 युनिट. तुमच्या बिलातल्या दराने गुणा.

हा वरचा आकडा आहे. रात्री जाड पडदे ओढत असाल, काही खोल्या गरमच करत नसाल, तर बचत कमी होते. व्हॅक्यूम काच साध्या दुहेरी काचेच्या कितीतरी पट महाग पडते आणि निव्वळ गॅसच्या बचतीतून पैसे सुटायला खूप वर्षं जातात. आमचं मत स्पष्ट आहे: फक्त बिलासाठी हे करू नका. ऊब, कोरडं लाकूड आणि जुनी चौकट वाचणं या तिन्हींसाठी करत असाल तर जरूर करा.

आधी काय करावं?

फटी बुजवा. जुन्या सॅश खिडकीत काचेइतकीच, कधी त्याहून जास्त ऊब कडांच्या फटींतून जाते. वाऱ्याच्या दिवशी पेटती अगरबत्ती सॅशच्या, म्हणजे सरकणाऱ्या पल्ल्याच्या, चारही बाजूंनी आणि मधल्या जोडापाशी हळूहळू फिरवा. पडदे आधी बाजूला करा. धूर जिथे आडवा पळतो तिथे फट आहे. सहसा तो मधल्या जोडापाशी, कप्पीच्या भोकापाशी आणि खालच्या कोपऱ्यांत पळतो.

आतल्या पट्टीत आणि दोन सॅशच्या मधल्या पट्टीत केसाळ ब्रश-स्ट्रिप बसवली की हे थांबतं. एरवी काच बदलायलाही सॅश काढावीच लागते, म्हणून दोन्ही कामं एकदम करा. कुजलेला खालचा कोपरा न दुरुस्त करता त्यात महागडी काच बसवणं हा पैशांचा शुद्ध अपव्यय आहे.

माझ्या खिडकीत बसेल का? माप कसं घ्यायचं?

दोन गोष्टी पाहा: काच बसते त्या खाचेची खोली आणि काचेची कड झाकणाऱ्या ओठाची रुंदी.

खोलीचा हिशेब असा. मागची पुट्टी दीड मिमी, काच साडेसहा, म्हणजे 8 मिमी गेले. समोरच्या तिरप्या पुट्टीला किमान 6 मिमी हवेत. एकूण 14. खाच 15 मिमी असेल तर काम सरळ आहे. 12 असेल तर पुट्टीला चारच मिमी उरतात. इतका पातळ थर तडकतो आणि पाऊस आत घेतो. अशा वेळी लाकूड कोरायच्या राउटर यंत्राने खाच दोन-तीन मिमी खोल करता येते, पण आतलं नक्षीचं लाकूड त्याने पातळ होतं. सॅश बारीक असेल तर हा मोह टाळा.

आता लांबी-रुंदी. जुनी पुट्टी पूर्ण काढून, उघड्या लाकडापर्यंत माप घ्या. पुट्टीवरून घेतलेलं माप हमखास चुकतं. रुंदी वर, मधे आणि खाली मोजा. उंची डावीकडे, मधे आणि उजवीकडे. सर्वांत लहान आकडा धरा आणि त्यातून एकूण 4 ते 6 मिमी वजा करा. उदाहरणार्थ, रुंदी 712, 710, 713 आली तर 710 मधून 5 वजा, म्हणजे ऑर्डर 705 ची. दोन्ही कर्णही मोजा. जुन्या सॅश क्वचितच काटकोनात असतात. कर्णांत 3 मिमीहून जास्त फरक असेल तर पुठ्ठ्याचा साचा कापून खाचेत बसवून बघा, मगच आकडा द्या.

इतकी काळजी कशासाठी? व्हॅक्यूम काच तयार झाल्यावर कापता येत नाही, घासून कमी करता येत नाही, कोपरा उडवता येत नाही. दोन मिमी मोठी आली तर ती फेकायचीच, आणि नवी यायला पुन्हा कित्येक आठवडे.

आमच्या सॅशमध्ये सहा-सहा छोटी तावदानं आहेत. तिथे चालेल का?

इथे हात आखडता घ्या. व्हॅक्यूम काचेची कड घट्ट सांधलेली असल्याने तिथून उष्णता वाहत राहते. मोठ्या तावदानात कडेचा वाटा लहान असतो. हातभर लांबीच्या तावदानात तो इतका मोठा होतो की मधल्या भागाच्या 1.1 यू-व्हॅल्यूला फारसा अर्थ उरत नाही. दुसरी अडचण दिसण्याची. जॉर्जियन खिडकीतल्या लाकडी पट्ट्या जेमतेम 20 मिमी रुंद असतात, दोन्ही बाजूंचा ओठ सहा-आठ मिमीचा. सांध्याची काळपट रेघ त्याबाहेर डोकावते.

दोन मोठी तावदानं किंवा एकच अखंड तावदान असलेली व्हिक्टोरियन सॅश या काचेसाठी सर्वांत योग्य. छोट्या तावदानांना आतून दुसरी खिडकी लावणं बरं.

आत्ताची काच जुनी आहे का, हे कसं ओळखायचं?

खिडकीपासून दोन पावलं मागे या, समोरच्या इमारतीची सरळ कड काचेतून बघा आणि डोकं हळू डावी-उजवीकडे हलवा. कड लाटेसारखी हलली, काचेत बुडबुडे किंवा बारीक वक्र रेघा दिसल्या तर ती तोंडाने फुंकून बनवलेली किंवा जुन्या यंत्रावर ओढलेली काच आहे. 1959 मध्ये पिल्किंग्टन कंपनीने आजच्या सपाट, ‘फ्लोट’ काचेची पद्धत जाहीर केली. तिच्यातलं प्रतिबिंब आरशासारखं सपाट असतं.

जुनी काच असेल तर ती काढू नका, ही आमची कळकळीची विनंती. क्राउन काच (फुंकून, मग फिरवून सपाट केलेली जुनी काच) आता सहजी मिळत नाही. त्या घराच्या चेहऱ्यावरचं पाणी तिच्यामुळेच आहे. तिला जागेवर ठेवून आतून दुसरी खिडकी बसवा. एखादं तावदान आधीच बदललेलं असेल, तर तेवढंच व्हॅक्यूमचं करता येईल.

परवानगी लागते का?

घर लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेलं, असेल तर हो, आणि ती काम सुरू करण्याआधी. इंग्लंडमध्ये 1990 च्या आणि वेल्समध्ये आता 2023 च्या कायद्यानुसार लिस्टेड इमारतीच्या स्वरूपाला बाधा आणणारं काम विनापरवानगी करणं हा फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या मालकाने केलेल्या बेकायदा कामाची दुरुस्ती करायला नव्या मालकाला सांगितलं जाऊ शकतं, म्हणून घर घेतानाच कागद तपासा. स्कॉटलंडमध्ये श्रेणी ए, बी, सी अशा आहेत आणि तिथला कायदा वेगळा. एडिंबरात हिस्टॉरिक स्कॉटलंड या तेव्हाच्या सरकारी वारसा संस्थेने 2010 च्या सुमारास जुन्या सॅशमध्ये पातळ दुहेरी काचा बसवून चाचण्या घेतल्या, त्यामुळे तिथल्या अधिकाऱ्यांना हा विषय नवा नाही.

घर कॉन्झर्व्हेशन एरियात (जतनासाठी जाहीर केलेल्या परिसरात) असेल तर ‘आर्टिकल 4’चा, म्हणजे परवानगीविना बदल करायची सवलत काढून घेणारा, आदेश लागू आहे का, हे कौन्सिलला विचारा. फ्लॅट असेल तर घराला आपोआप मिळणाऱ्या सवलती लागू होत नाहीत. शिवाय लीजहोल्डमध्ये (दीर्घ भाडेपट्ट्यावर घेतलेल्या घरात) खिडक्यांची मालकी बऱ्याचदा फ्रीहोल्डरकडे, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाकडे, असते. लीज वाचा आणि लेखी संमती घ्या.

अर्जासोबत सॅशचा आत्ताचा आणि नवा छेद पूर्ण मापात काढून द्या. अधिकारी तीन गोष्टी बघतात: लाकूड जुनंच राहतंय का, पट्ट्यांची जाडी बदलते का, आणि रस्त्यावरून प्रतिबिंब कसं दिसेल.

प्रत्यक्ष काम कसं होतं?

1. खोलीच्या बाजूची पट्टी सावकाश उचकटून काढतात, खालची सॅश आत ओढतात, सॅशचा भार तोलणारी वजनं दोन्ही बाजूंना चौकटीच्या पोकळ पेटीत दोऱ्यांनी लटकलेली असतात; दोऱ्या वजनांसकट आत निसटू नयेत म्हणून त्यांना गाठ मारतात. मग मधली पट्टी काढून वरची सॅश.

2. जुनी पुट्टी वाफेने किंवा इन्फ्रारेड दिव्याने मऊ करून काढतात. कोरडी ठोकून काढली तर खाचेची कड उडते. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी आहे. कोरडं घासू नका, ओलं घासा, मास्क वापरा, आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

3. पुट्टीत दडलेले बारीक खिळे एकूण एक काढायचे. मागे राहिलेला एक खिळा नव्या काचेच्या कडेवर टेकतो, आणि पहिल्या कडक थंडीत काच तिथूनच तडकते.

4. कुजका भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधतात. खाचेला प्रायमर देतात. कोरडं, रंग न लावलेलं लाकूड पुट्टीतलं तेल पिऊन टाकतं.

5. तळाशी दोन ठोकळे, प्रत्येक टोकापासून चौथाई अंतरावर, दोन-तीन मिमी जाड. काच लाकडावर थेट टेकवायची नाही.

6. मागचा थर पसरून काच सरळ, सर्वत्र सारख्या दाबाने बसवायची. अंगठ्याने एका कोपऱ्यात रेटायचं नाही.

7. स्टेनलेसच्या पिना काचेला न टेकता लाकडात ठोकायच्या, मग समोरची पुट्टी.

8. पुट्टीवर साय धरली की रंग. रंग काचेवर दोन मिमी चढला पाहिजे. पाणी अडतं ते या दोन मिमीवर.

कोणती पुट्टी वापरायची?

आपल्याकडे सुतार जिला लांबी म्हणतात ती खडूची भुकटी आणि जवसाच्या तेलाची पुट्टी स्लिम दुहेरी काचेला घातक असते. ज्या व्हॅक्यूम काचेची कड काचेच्या भुकटीने सांधलेली आहे तिला तेलाने इजा होत नाही. पण काही उत्पादक कडेला वरून वेगळं संरक्षक सीलंट लावतात. तेव्हा ज्या काचेची ऑर्डर दिली तिच्या उत्पादकाचंच पत्रक पाहा आणि त्यात मान्य केलेलंच वापरा, नाहीतर हमी रद्द होते. बहुतेक वेळा न्यूट्रल-क्युअर सिलिकॉन किंवा हायब्रिड पॉलिमरची पुट्टी चालते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा.

नवी काच जड असते. सॅश खाली घसरणार नाही?

वजनं बदलली नाहीत तर नक्की घसरेल, आणि बोटांवर आपटेल. काच एका मिमीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. 70 × 90 सेंमीचं तावदान 3 मिमीचं असेल तर 4.7 किलो. त्या जागी 3+3 ची व्हॅक्यूम काच 9.45 किलो. वाढ 4.7 किलो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या वजनांत प्रत्येकी सुमारे 2.4 किलो. टफन 4+4 असेल तर 12.6 किलो, आणि वाढ प्रत्येकी जवळजवळ 4 किलो.

चौकटीच्या पेटीत लांब वजनाला जागा नसते. वजन लांब झालं तर सॅश पूर्ण वर जाण्याआधीच ते तळाला टेकतं आणि खिडकी अर्धवटच उघडते. उपाय शिशाचा. 40 मिमी व्यासाचं, 45 सेंमी लांब बिडाचं वजन 4 किलोच्या आसपास असतं. त्याच मापाचं शिशाचं 6.4 किलो. लांबी तीच, आणि हवे असलेले 2.4 किलो जवळजवळ मिळाले.

काच बसवून रंग वाळल्यावर सॅश हातात घेऊन घरच्या वजनकाट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. वरच्या सॅशची दोन्ही वजनं मिळून तिच्यापेक्षा थोडी जड ठेवा, म्हणजे ती वर टिकून राहते. खालच्या सॅशची थोडी हलकी, म्हणजे ती खाली घट्ट बसते. अर्धा किलो पुरतो. दोरी आणि कप्प्या त्याच वेळी तपासा. जुनी सुती दोरी वाढलेल्या भाराने वर्षभरात तुटेल.

मधले खांब दिसतात का?

जवळ गेलं तर दिसतात. हातभर अंतरावरून, उजेडाकडे पाहताना बारीक ठिपक्यांची चौकोनी जाळी लक्षात येते. खोलीच्या मधोमध बसल्यावर नजर बाहेरच्या झाडावर जाते आणि ठिपके विसरायला होतात. काही उत्पादनांत एका कोपऱ्याजवळ हवा काढल्याच्या जागी गोल टोपी असते, काहींत ती नसते. टोपी असेल तर ऑर्डर देतानाच ‘आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात’ असं लिहून द्या. घेण्याआधी निदान वीतभर नमुना मागवून त्याच खिडकीत धरून पाहा.

सकाळी काचेच्या बाहेरच्या बाजूला दव दिसतं. काच बिघडली का?

नाही. ती नीट काम करत असल्याचं हे लक्षण आहे. आतली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोहोचत नाही. निरभ्र रात्री ती काच आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही गार होते आणि तिच्यावर गवतासारखं दव पडतं. ऊन आलं की जातं.

पण आतून कडेला ओल दिसते.

कडेचा सांधा उष्णता वाहून नेतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत काठाकाठाने दोन-तीन सेंटिमीटरची ओली किनार दिसू शकते. कड लाकडात जितकी खोल झाकलेली तितकी ही कमी. झोपायच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात जास्त दिसते, कारण तिथे वाफ जास्त. किनार रुंद होत मधल्या भागापर्यंत येऊ लागली तर मात्र पुढचं उत्तर वाचा.

व्हॅक्यूम गेला हे कसं कळतं?

साध्या दुहेरी काचेसारखं आत धुकं धरेलच असं नाही, त्यामुळे लोकांना वर्षानुवर्षं कळत नाही. थंडीच्या सकाळी शेजारशेजारच्या दोन काचांच्या मध्यभागी हाताचा मागचा भाग लावा. एक उबदार आणि एक गार लागली, किंवा एकीच्याच मध्यावर पाणी धरलं, तर गार लागलेलीचा व्हॅक्यूम गेला. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर आकडाच हातात येतो. तारीख घालून फोटो काढा, हमीचा दावा करताना लागतो. दुरुस्ती होत नाही, काच बदलावीच लागते.

काच तडकण्याची कारणं कोणती?

मागे राहिलेला खिळा सांगितलाच. बाकी बहुतेक कारणं उष्णतेची. दोन्ही काचा कडेला जखडलेल्या असतात. एक तापून फुगते, दुसरी गार राहते आणि ताण कडेवर येतो. म्हणून काचेला उष्णतेची किंवा सजावटीची फिल्म चिकटवू नका. गडद पडदा काचेला चिकटून ठेवू नका. हीटरची गरम हवा थेट काचेवर येऊ देऊ नका. जुना रंग हीटगनने काढायचा असेल तर तो काच बसवण्याआधी.

सेफ्टी ग्लास लागेल का?

इंग्लंडच्या नियमांनुसार जमिनीपासून 800 मिमीपेक्षा खाली येणारी खिडकीची काच, आणि दारात व दाराच्या लगतच्या बाजूला 1500 मिमीपर्यंतची काच, सुरक्षित प्रकारची हवी. जिन्याजवळच्या आणि जमिनीपर्यंत उतरणाऱ्या बे-विंडोच्या (भिंतीबाहेर काढलेल्या खिडकीच्या) काचा यात सहज येतात. तिथे टफन किंवा लॅमिनेटेड व्हॅक्यूम काच घ्या आणि वाढलेली जाडी खाचेच्या हिशेबात धरा.

रस्त्याचा आवाज कमी होईल?

होईल. सॅशच्या फटी बुजवल्याने तर नक्कीच. साध्या 4 मिमी काचेपेक्षा, आणि नेहमीच्या 4-16-4 (मिमीत काच-पोकळी-काच) दुहेरी काचेपेक्षाही, 6 मिमीची व्हॅक्यूम काच काही डेसिबल जास्त अडवते. तिचा आकडा 35 च्या आसपास असतो. पण घर बसच्या थांब्यावर किंवा रेल्वेलगत असेल तर आतून 100 ते 200 मिमी अंतर ठेवून बसवलेली दुसरी खिडकी हिच्यापेक्षा सरस. आवाजाला रुंद पोकळी हवी असते.

मग आतून दुसरी खिडकी लावणंच बरं नाही का?

अनेक घरांत हो. ती स्वस्त पडते, जुन्या काचेला हात लागत नाही, आणि लिस्टेड इमारतीत परवानगी सोपी जाते. तोटे: उघडायला दोन खिडक्या, पुसायला चार बाजू, जुनी लाकडी आतली झडप बंद करता येत नाही, खिडकीतली बैठक जाते. झडपा अजून चालू असतील तर आम्ही व्हॅक्यूम काचेकडे झुकतो.

सगळं घट्ट बंद केल्यावर बुरशी येईल का?

हवा खेळती ठेवली नाही तर येऊ शकते. पूर्वी वाफ गार काचेवर जमायची. आता ती सर्वांत गार जागा शोधते: बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटामागची जागा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातला पंखा बाहेर हवा टाकतो ना, ते तपासा. कपडे घरात वाळवत असाल तर त्या खोलीची वरची सॅश बोटभर उघडी ठेवा. सॅश खिडकीची ही सोय फार मोलाची आहे.

मुंबई-पुण्यातल्या जुन्या इमारतींना ही काच लावावी का?

राहत्या घराला सहसा नाही. बाहेर 34 आणि आत एसीने 24 अंश असतील तर फरक दहाच अंशांचा. एकेरी काचेतून तेवढ्याने चौरस मीटरला सुमारे 58 वॅट आत येतात. दुपारचं पश्चिमेचं ऊन त्याच काचेवर याच्या कित्येक पट उष्णता ओततं. ते अडवायला बाहेरचा छज्जा, लाकडी पट्ट्यांची झडप आणि वाळ्याचा पडदा अधिक कामाचे. फोर्टातल्या किंवा ओव्हल मैदानाभोवतालच्या जुन्या इमारतीत जिथे दिवस-रात्र ठरावीक तापमान राखावं लागतं, अशा संग्रहालयाच्या किंवा कागदपत्रांच्या दालनात मात्र विचार करण्यासारखी आहे.

ऑर्डर देताना कागदावर काय काय हवं?

यू-व्हॅल्यू, आणि ती काचेच्या मध्याची की पूर्ण खिडकीची, हे शब्दांत लिहिलेलं. एकूण जाडी आणि तिच्यातली कमी-जास्त सूट. कडेच्या सांध्याची दिसणारी रुंदी. टोपी आहे का, असल्यास कुठे. लो-ई थर कोणत्या काचेवर. मान्य पुट्टी-सीलंटची यादी. हमीची वर्षं, आणि त्या हमीत व्हॅक्यूम जाणं स्पष्टपणे धरलेलं आहे का. काच बदलायची वेळ आली तर मजुरी कोण देणार. आणि काच आल्यावर ती आडवी न ठेवता उभी, दोन लाकडी पट्ट्यांवर, कोरड्या जागी ठेवा. सही करण्याआधी प्रत्येक काचेचे चारही कोपरे उजेडात धरून बघा. कोपऱ्याचा टवका बसवल्यावर दिसत नाही, आणि मग तो कुणाकडून उडाला हे ठरत नाही.